घरतबाईंच्या नावाने

दहाची वेळ दिली होती आणि मी पावणेनऊलाच पेणकरपाड्यात येऊन उभी राहिले. घरी बसवेना. पहाटेपासून दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो ओट्यावरच निवला. शेवटी रिक्षा केली. रिक्षावाला प्रत्येक वळणावर विचारत होता, "मॅडम, इधर स्कूल किधर है? इधर तो सब बिल्डिंग है." त्याचं काही चुकत नव्हतं. शाळा केव्हाच पलीकडच्या नव्या इमारतीत गेली. जुनी खोली तेवढी राहिलीय, दोन इमारतींच्या मधे अंग चोरून, गणपतीच्या मंडळाच्या ताब्यात. मखराचे खांब, दोऱ्यांची भेंडोळी, रंगाचे डबे. किल्ली शेजारच्या दुकानात ठेवलेली होती. कुलूप काढलं आणि रंगाच्या, उंदरांच्या, कोंडलेल्या हवेच्या वासाखालून एक जुना वास वर आला. पाटी पुसायच्या ओल्या फडक्याचा. तो तिथे असणं शक्य नाही, हे मला कळतं. नाकाला कळत नाही, त्याला मी काय करू?

आज या खोलीत घरतबाईंच्या नावाची शिष्यवृत्ती पहिल्यांदा ठरायची होती. डी.एड. करणाऱ्या, पुढे शिक्षक होणाऱ्या एका मुलाला किंवा मुलीला. बाईंना जाऊन वर्ष होत आलं. जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून हे काढलं, पण खरी धावपळ प्रवीणची. प्रवीण माझ्या वर्गातला, आता भाईंदर पूर्वेला त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. फोनवर म्हणाला, "निवड तू करायचीस हां. बाईच सांगून गेल्यात. आपल्या अख्ख्या वर्गात मास्तरीण झालीस ती तू एकटी."

मी "हो" म्हणून फोन ठेवला.

आणि मी शिक्षिका नाही. कधीच नव्हते. एका विम्याच्या ऑफिसात गेली कित्येक वर्षं मी या टेबलावरचे कागद त्या टेबलावर सरकवतेय. हे बाईंना ठाऊक नव्हतं, प्रवीणला ठाऊक नाही. आणि आज दहा वाजता मला इथे शिक्षिका म्हणून बसायचं होतं.

खोलीत बसले, उठले, खिडकीशी गेले. खिडकीतून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे, चादरी दिसतात. पूर्वी इथून भातखाचरं दिसायची, त्यांच्यापलीकडे खाडीच्या चिखलाचं खाजण, आणि त्याच्याही पलीकडे उन्हात डोळे दिपवणाऱ्या मिठाच्या राशी. आमची थोडी शेती होती आणि आज्याचा एका मिठागरात वाटा होता. दिवाळी सरली की भाताच्या पेंढ्याचा वास ओसरायचा आणि चिखलाचा यायचा, खारट, जरासा कुजकट. पाहुणे नाक मुरडायचे. आम्हाला त्या वासाशिवाय भूक लागायची नाही. माघ-फाल्गुनात आज्याच्या पायांना भेगा पडायच्या. आई त्यात रात्री कोकम तेल भरायची आणि तो "हळू गो, हळू" करत राहायचा. वैशाखात राशींवर गवत शाकारायची घाई. मग एक दिवस सगळं पांढरं संपायचं आणि हिरवं सुरू व्हायचं.

बाई बांधावरून चालत यायच्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात काढलेल्या चपला. बांधावर त्यांची छत्री दिसली की आमच्यातलं कोणीतरी धावत जाऊन टांगलेला रुळाचा तुकडा बडवायचं. तीच आमची घंटा. बाई यायच्या आत घंटा वाजली तर बाईंना उशीर, नंतर वाजली तर आम्हाला. याच्यावरून रोज भांडण व्हायचं आणि बाई ते मन लावून भांडायच्या. चिंचोळा चेहरा, नाकावर घसरलेला चष्मा, आणि आवाज असा की खोलीबाहेर म्हशीही मान वळवायच्या. त्यांच्या पदराला खडूचा आणि आवळ्याच्या सुपारीचा वास यायचा. जवळ उभं राहायला मिळावं म्हणून मी मुद्दाम गणित चुकवायची.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटचा तास मुलांचा. म्हणजे असं की त्या तासाला आमच्यातल्या एकाने फळ्याशी उभं राहून शिकवायचं आणि बाईंनी बाकावर बसायचं. बाकावर बसल्या की बाई वर्गातल्या सगळ्यात ढ मुलगी व्हायच्या. पेन्सिल चावायच्या, शेजारच्याला कोपर मारायच्या, आणि हात वर करून भलतंच काहीतरी विचारायच्या. फळ्याशी उभ्या असलेल्याने थाप मारली, तर त्या ती गपचूप वहीत उतरवून घ्यायच्या.

माझी पाळी आली तेव्हा मी पाऊस शिकवला. समुद्राचं पाणी तापतं, वर जातं, ढग होतात, सगळं घडाघडा. बाईंचा हात वर. "बाई, समुद्राचं पाणी खारट. मग पाऊस गोडा कसा?" मला येत नव्हतं. पण फळ्याशी उभं राहिल्यावर येत नाही म्हणायचं? मी म्हटलं, ढग मीठ गाळून घेतात. बाईंनी लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी दुसऱ्याच कोणाचा तास चालू असताना बाई उठून उभ्या. "आमच्या मागच्या बाई म्हणाल्या ढग मीठ गाळून घेतात. त्यांची गाळणी पितळेची असते का फडक्याची?" वर्ग हसून लोळला. मी रडत घरी गेले.

आज्याला विचारलं. त्याने चुलीवर खाडीचं पाणी ठेवलं, वर ताट झाकलं, आणि उकळी आल्यावर ताट उलटं करून म्हणाला, "चाट." ताटाखालचे थेंब गोडे होते. नुसते गोडे. मीठ खाली पातेल्यातच राहिलं होतं. माझ्या जिभेवर ती चव अजून आहे. जगातली एक गोष्ट मला पहिल्यांदा खरोखर कळली, ती त्या दिवशी.

मी ते वर्गात सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "आधीच म्हणायचंस, माहीत नाही, विचारून सांगते. त्याला मी पैकीच्या पैकी दिले असते." मग आम्हाला तोच चाळा लागला. माहीत नाही म्हटलं की बाई टाळ्या वाजवायच्या आणि आम्ही येत असलेलंही माहीत नाही म्हणू लागलो.

अशा बाईंना मी पंचवीस वर्षं थापा मारल्या. असं लिहून टाकलं की हात जरा हलका होतो. तेवढ्यापुरताच.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई भाईंदर पूर्वेला धाकट्या बहिणीकडे, सुधाताईंकडे, राहायला गेल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दर गुरुपौर्णिमेला मी मोगऱ्याचा गजरा घेऊन जायची. बाई लाल भोपळ्याचे घारगे करायच्या. जिन्यातच तळणाचा वास यायचा आणि माझे पाय भरभर उचलले जायचे. पहिल्या वर्षी दारातच त्यांनी विचारलं, "लागलीस ना शाळेत?" डी.एड. मी मधेच सोडलं होतं. का सोडलं ते राहू दे. त्यांच्या हाताला पीठ लागलेलं होतं, चष्म्यावर वाफ होती, आणि त्या वाफेमागून त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मी "हो" म्हटलं.

शाळा आहे म्हटल्यावर वर्ग भरवावा लागला. मी म्हटलं, लांब आहे, वसईच्या पुढे. मग मुलं आणावी लागली. आमच्या इमारतीतली पोरं, ऑफिसातल्या बायकांनी डबा खाताना सांगितलेले किस्से, माझी भाची. सगळ्यांना मी बाकांवर बसवलं. जिन्याच्या कठड्यावरून घसरणाऱ्या पोराला मी वर्गाचा मॉनिटर केला. डब्यातल्या भाजीसाठी भांडणाऱ्या जुळ्या बहिणी आणल्या. दरवर्षी मुलं वरच्या वर्गात जायची आणि मला नवी भरती करावी लागायची. बाई खुर्चीत पुढे सरकून ऐकायच्या. मधेच, "थांब, ती जुळी कुठल्या बाकावर? वेगळी बसवलीस की नाही?" मी म्हणायची, वेगळी बसवली. "चूक केलीस. एकत्र बसव आणि एकच पुस्तक दे."

खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं. वर्षातला तो एक तास मी शिक्षिका असायची. घारग्याचा तुकडा हातात, आणि माझा वर्ग गजबजलेला. उतरताना जिन्यात मात्र पुढच्या वर्षी सांगून टाकू, असं दर वर्षी म्हणायची.

शेवटच्या वर्षी मी बबलूला आणलं. भाजीच्या गाडीवाल्याचा मुलगा, घरी हिंदी, शाळा मराठी, आणि अक्षरांकडे बघितलं की डोळे मिटायचा. बाई त्या दिवशी थकलेल्या होत्या, घारगे सुधाताईंनी केले होते. पण बबलू म्हटल्यावर उठून बसल्या. "त्याला पुस्तक दाखवूच नकोस. बापाच्या गाडीवरच्या भाज्यांची नावं लिहून दे. भेंडी, गवार, मुळा. तो वाचेल बघ. पुढच्या वेळी मला सांग." पुढची वेळ आली नाही. त्या थंडीत बाई गेल्या.

दहाला पाच कमी असताना प्रवीण आला, हातात फायली, बगलेत बाईंचा फोटो. त्याच्यामागे काठी टेकत सुधाताई. प्रवीणने मखराचे खांब सरकवून तीन बाक मांडले, फोटोला हार घातला. निवड कशी करायची हेही बाईंनीच सांगून ठेवलं होतं. मार्क बघायचे नाहीत. मुलांनी येऊन तास घ्यायचा, आपण बाकावर बसायचं. आम्ही तिघं त्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो. माझं काही केल्या बसणं होईना. सुधाताईंनी एकदा माझ्या मांडीवर थाप मारली. "किती चुळबूळ करतेस? ताई असती तर कोपऱ्यात उभी केली असती."

तिघं जण आले होते. पहिल्या दोघांनी छापील तास घेतले, स्वच्छ, कुठे सुरकुती नाही. तिसरी सिल्वी. उत्तनकडच्या तारोडीची, वडील मासेमारी करतात. फुलाफुलांचा ड्रेस, केसांना गच्च तेल. तिने भरती-ओहोटी घेतली. फळ्यावर होडी काढली, किनारा काढला, आणि बोलता बोलता इतकी रंगली की आम्ही मोठी माणसं आहोत हेच विसरली. प्रवीणला तिने दरडावलं, "ए, मोबाइल ठेव." त्याने ठेवला.

मग सुधाताईंनी हात वर केला. "चंद्रामुळे पाणी चढतं ना? मग चंद्र पलीकडच्या अंगाला असतो तेव्हा आपल्याकडे पुन्हा भरती कशी येते?"

सिल्वी खडू धरून उभी राहिली. खिडकीबाहेर बघितलं, फळ्याकडे बघितलं. तिचे कान लाल झाले.

"टीचर, ठावं न्हाय," ती म्हणाली. मग पटकन सावरून, "म्हणजे माहीत नाही. भरती दोनदा येते हे आमच्या इथे सगळ्यांना माहीत हाय. का येते ते विचारून सांगते."

प्रवीणने टाळी वाजवली. सुधाताईंनी डोळे पुसले. निवड करायला काही उरलंच नव्हतं. मुलांना बाहेर बसायला सांगून प्रवीणने अर्ज पुढे केला, त्यावर सिल्वीचं नाव लिहिलं आणि कागद माझ्याकडे वळवला. खाली छापलं होतं, निवड करणाऱ्या शिक्षिकेची सही.

मी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं. माहीत नाही म्हणताना त्या पोरीचे कान लाल झाले होते, तेच माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"सुधाताई, मी शिकवत नाही."

"सोडलीस नोकरी? कधी?"

"लागलेच नव्हते. मी विम्याच्या ऑफिसात आहे. पहिल्यापासून."

प्रवीण हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. मग त्याचं हसू हळूहळू बंद झालं.

"आणि ती मुलं?" सुधाताईंनी विचारलं.

"नव्हती."

"बबलू?"

"तोसुद्धा नव्हता."

मी कबूल करते, मला एक आशा होती. मनाच्या तळाशी लपवून ठेवलेली. सुधाताई म्हणतील, अगं, ताईला सगळं ठाऊक होतं, ती नुसती ऐकून घ्यायची. किती सोपं झालं असतं. त्यांनी काठीवर हनुवटी टेकवली.

"तिला सगळं खरं वाटायचं," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात शेवटी तिला माझं नाव आठवत नव्हतं. बबलूचं आठवायचं. त्याला वाचता यायला लागलं का, विचार तिला, म्हणून पाठीस लागली होती. मी म्हटलं, आलं गो ताई, भेंडी वाचली त्याने. तेव्हा कुठे झोपली."

प्रवीण उठून फोटोचा हार सरळ करू लागला. हार सरळच होता. मला रडू आलं नाही. यायला हवं होतं.

"मी काही तुला माफबिफ करत नाही," सुधाताई म्हणाल्या. "माझ्याकडे ते नाहीच. मुलगी तीच, तिचं नाव बदलायचं नाही. सही मी करते, शिक्षिकेची म्हणून नाही, बहिणीची म्हणून. पण बाहेर जाऊन तिला तू सांग. तुला टीचर समजून ती पोर घरी जायला नको."

सिल्वी एकटीच ओट्यावर बसली होती. बाकीची दोघं चहा प्यायला गेली होती. मला बघून ताडकन उठली.

"टीचर, झालं काय?"

"झालं. तुलाच मिळाली."

तिने घाईघाईने छातीवर क्रुसाची खूण केली आणि मग एकदम हसली, सगळे दात दाखवत. ते हसू पुरतं संपायच्या आत मी सांगून टाकलं. मी टीचर नाही. डी.एड.चं एकच वर्ष केलं आणि सोडलं. बाईंना पंचवीस वर्षं खोटं सांगितलं. आज इथे बसायचा मला अधिकार नव्हता.

तिने मान तिरकी करून ऐकलं. बाईंना खोटं सांगितल्याचं तिला फारसं काही वाटलं नसावं. तिने वेगळंच विचारलं.

"का सोडलंत?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. विचारणार कोण? सोडलं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. माझे पाय पायऱ्यांकडे वळलेले होते. ते मी परत घेतले.

"सराव पाठ चालू होता," मी म्हटलं. "चौथीचा वर्ग. मागच्या बाकावर एक मुलगा हसत होता. मला वाटलं, मला हसतोय. मी डस्टर फेकून मारला. लाकडी. कानावर बसला त्याच्या. वर्ग चिडीचूप झाला. आणि आमचे सर मागे बसले होते ना, त्यांनी माझ्या पाठाच्या वहीत शेरा दिला, वर्गनियंत्रण चांगले."

सिल्वी परत ओट्यावर टेकली.

"तो शेरा वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून गेलेच नाही. मला भीती वाटली, हे मला जमायला लागेल म्हणून."

समोरच्या इमारतीत कोणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. सिल्वीने बोटाने ओट्यावरचा पोपडा उकरला.

"मी घरी बारकी पोरं शिकवते," ती खाली बघत म्हणाली. "टूशन. मागच्या सोमवारी एकावर पट्टी उगारली. लागली न्हाय त्याला, पण तवापासून येत न्हाय तो. मलापण वाटतंय सोडून द्यावं. आज येणारपण नव्हते. आईने ढकलून पाठवलं."

"त्याच्या घरी गेलीस?"

"न्हाय. लाज वाटते."

"जा."

"तुम्ही गेला होतात?"

"नाही," मी म्हटलं. "मी घरी पळून आले. तू त्याच्याकडे जा. आईसमोर त्याला सांग की चुकलं म्हणून. मग सोडायचं तर सोड."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. आत्तापर्यंत ती परीक्षकाकडे बघत होती.

"तुम्ही याल माझ्यासंगती? मी एकटी दारात गेले ना, तर माघारी फिरेन."

"कधी?"

"आज रविवार हाय. दुपारच्याला सगळी घरीच असतात."

मी आत जाऊन पर्स घेतली. सुधाताईंनी बघितलं, विचारलं काही नाही. ज्या मुलाकडे मी जायला हवं होतं तो आता चाळिशीला टेकला असेल. तो कुठे राहतो, मला ठाऊक नाही. या मुलाचं घर सिल्वीला ठाऊक होतं. ती पुढे चालू लागली.